काढायचं की पुसायचं? वाचकांचे प्रश्न, काकींची उत्तरं

या खेपेच्या टपालात बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची निघाली: कमांडची नावं. म्हणून प्रिंटरची शाई, पावसात भिजलेले मोबाइल वगैरे मंडळी पुढच्या अंकात. एक सूचना आधीच देते. इथे कमांड देवनागरीत छापल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या. हे सांगायला लागू नये, पण मागच्या अंकानंतर एक गृहस्थ मराठी कीबोर्ड लावून बसले होते आणि मग दुकानात येऊन माझ्याशी भांडले.

काकी, आमची देवगड तालुक्यात कलमांची बाग आहे. पॅकिंगच्या शेडमध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर डेबियन 12 हे लिनक्स. ऑर्डरी, पत्त्यांची लेबलं, लेबलांचा प्रिंटर, सगळं त्याच्यावरच. पुतण्याने बसवून दिलं, तो पुण्याला असतो. सीझन सुरू व्हायच्या आधी फोनवर म्हणाला, "काकू, अपडेट मार आणि ते जुनं पॅकेज पर्ज करून टाक." मी अपडेट मारलं. भराभर ओळी वर गेल्या, पण बदललं काहीच नाही. मग पर्ज म्हणजे काय ते बघायला ॲप्टची (प्रोग्राम टाकणाऱ्या-काढणाऱ्या कमांडची) हेल्प उघडली, तर त्यात पर्ज नाहीच! रिमूव्ह आहे, ऑटोरिमूव्ह आहे. तरी पर्ज टाइप करून बघितलं, तर ते आपलं सुरू. "पुढे जाऊ का?" विचारलं तिथे मी नाही म्हटलं आणि बाहेर पडले. यादीत नसलेली कमांड चालते कशी? आणि ऑटोरिमूव्ह सलग लिहायचं, फुल-अपग्रेडमध्ये मात्र रेघ, एडिट-सोर्सेसमध्येही रेघ. हे एका माणसाने लिहिलंय असं वाटत नाही. भरवसा कशावर ठेवायचा?
एक बागायतदार, देवगड तालुका

ताई, "पुढे जाऊ का?" ला नाही म्हणालात ते झकास केलंत. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं तिथे एंटर दाबून मगच येतात.

एका माणसाने लिहिलेलं नाही हा तुमचा अंदाज बरोबर आहे. डेबियनमध्ये पॅकेजं, म्हणजे बांधून आलेले प्रोग्राम, टाकायला-काढायला तळाला डीपीकेजी नावाचं हत्यार आहे, ते 1990च्या दशकाच्या सुरुवातीचं. त्यात क्रियापदालाच रेघा लागतात: --इन्स्टॉल, --रिमूव्ह, --पर्ज. त्याच्यावर बसणारा डीसिलेक्ट नावाचा पडदा होता, तो चालवताना भले भले घामाघूम व्हायचे. मग 1998मध्ये ॲप्ट-गेट आलं आणि मार्च 1999च्या डेबियन 2.1बरोबर लोकांच्या हातात पडलं. यात क्रियापदाच्या रेघा गेल्या, नुसतं "इन्स्टॉल" म्हटलं की झालं. पण जुन्या पडद्याची आठवण म्हणून "डीसिलेक्ट-अपग्रेड" ही कमांड ॲप्ट-गेटच्या हेल्पमध्ये अजून बसून आहे. शोधायला वेगळं ॲप्ट-कॅश, खुणा करायला ॲप्ट-मार्क. मधल्या काळात ॲप्टिट्यूड आलं, त्याने "सेफ-अपग्रेड" आणि "फुल-अपग्रेड" ही नावं रूढ केली. आणि 2014मध्ये हे सगळं एका छपराखाली आणायला नुसतं "ॲप्ट" आलं. त्याने ॲप्ट-गेटकडून ऑटोरिमूव्ह घेतलं, ॲप्टिट्यूडकडून फुल-अपग्रेड घेतलं, एडिट-सोर्सेस स्वतःचं घातलं. तुम्ही बघताय ती यादी म्हणजे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी एकाच घराला काढलेल्या पडव्या आहेत. दारांची उंची जुळणार कशी?

आता पर्ज. तुमच्या डेबियन 12मधली हेल्प नीट बघा. यादीच्या डोक्यावर "सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कमांड" अशा अर्थाची ओळ आहे. म्हणजे ही पूर्ण यादी नव्हेच, निवडक आहे. पर्ज निवडीत आली नाही, पण आत आहे. ऑटोपर्जही आहे. जुनं डिस्ट-अपग्रेडसुद्धा ॲप्ट निमूटपणे स्वीकारतं आणि फुल-अपग्रेडचंच काम करतं. या हेल्पबाहेरच्या कमांडची माहिती हवी तर मॅन्युअलचं पान उघडायचं: "मॅन ॲप्ट-गेट". माझं मत विचाराल तर पर्जला यादीबाहेर ठेवणं चूक होतं. रोज लागत नाही हे खरं, पण जी कमांड परत न येणारं काही पुसते, ती हेल्पमध्ये सगळ्यांत आधी दिसायला हवी.

कारण फरक मोठा आहे. रिमूव्ह केलं की प्रोग्राम जातो, त्याच्या सेटिंगच्या फायली मागे राहतात. उद्या तेच पॅकेज परत टाकलं की जुनं सेटिंग जागेवर. डीपीकेजीला छोट्या अक्षरातलं -एल देऊन यादी काढलीत तर अशा पॅकेजच्या ओळीच्या सुरुवातीला "आरसी" दिसेल: आर म्हणजे काढलं, सी म्हणजे सेटिंग शिल्लक. पर्ज केलं की सेटिंगही गेलं. तुमच्या घरच्या फोल्डरमधल्या ऑर्डरींच्या फायलींना दोन्हीपैकी कोणी हात लावत नाही, ती काळजी नको. पण लेबल-प्रिंटरशी संबंधित काही पर्ज केलंत आणि कागदाचा आकार पुन्हा बसवायची वेळ एप्रिलच्या मध्यावर आली, तर पुतण्याला पुण्याहून बोलवावं लागेल आणि तोही आंबे खाऊनच जाईल. सीझनमध्ये पर्ज नको. रिमूव्ह करा, उरलेलं जूनमध्ये बघू.

"अपडेट मारलं पण बदललं काहीच नाही", याचं उत्तर: बदलायचं नव्हतंच. ॲप्टचं अपडेट फक्त दुकानातली मालाची यादी ताजी करतं. माल उचलतं ते अपग्रेड. आणि खरी ठेच इथे लागते, म्हणून जरा थांबते.

तुम्ही हापूस म्हणा, आमच्याकडचे आपूस म्हणोत, फळ तेच, भांडण नाही. पण "पेटी" म्हटलं की? एकाची पेटी चार डझनांची, दुसऱ्याची सहाची. पेटीचा भाव ठरवून पैसे घेतले आणि मोजायला बसले की मग आवाज चढतात. कमांडचंही असंच आहे. एका कामाला दोन-चार नावं असली तर बिघडत नाही. एका नावाखाली वेगवेगळी कामं असली की बिघडतं.

पहिल्या प्रकारचा नमुना बघा. ॲप्ट-गेटला "खरं करू नको, नुसतं दाखव" असं सांगायला --सिम्युलेट चालतं, --ड्राय-रन चालतं, --जस्ट-प्रिंट चालतं, --नो-ॲक्ट चालतं, --रेकॉन चालतं आणि नुसतं -एसही चालतं. इतकी नावं, पण त्यापायी कोणाचं काही उडाल्याचं मी ऐकलेलं नाही. दुसऱ्या प्रकारचा नमुना म्हणजे हे अपडेट. डेबियनमध्ये ते यादी ताजी करून गप्प बसतं. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर ॲप्टच्या जागी डीएनएफ असतं, त्यात अपडेट हे अपग्रेडचंच दुसरं नाव, म्हणजे तिथे "डीएनएफ अपडेट" म्हटलं की पॅकेजं खरोखर बदलायला लागतात. मॅकवरच्या होमब्रूमध्ये अपडेट होमब्रूला आणि त्याच्या यादीला ताजं करतं, पॅकेजांसाठी पुन्हा वेगळं अपग्रेड. जावास्क्रिप्टवाल्यांच्या एनपीएममध्ये अपडेट थेट पॅकेजांना हात घालतं. लिनक्सवरच्याच स्नॅप नावाच्या पॅकेजवाल्यांनी या वादातून अंग काढून "रिफ्रेश" असा तिसराच शब्द घेतला, मला तो निर्णय आवडतो. पुतण्या ऑफिसात फेडोरा वापरत असेल तर "अपडेट मार" म्हणताना त्याच्या डोक्यात एक आणि तुमच्या मशीनवर दुसरं, असं सहज होऊ शकतं. विचारून घ्या.

रेघा आणि जोडशब्द तुम्हाला खटकतात ते मला कळतं, पण ते पहिल्या प्रकारात मोडतं. ऑटोरिमूव्ह लिहिलंत की ऑटो-रिमूव्ह, ॲप्ट-गेट दोन्ही घेतं, रेघवालं नाव 1.1 आवृत्तीपासून मुद्दाम दिलेलं आहे. चुकलात तर तक्रार येईल आणि काहीही होणार नाही. डीपीकेजीचं तसं नाही, तिथे छोटं-मोठं अक्षर सांभाळा. छोटं -एल पॅकेजांची यादी देतं, मोठं -एल एका पॅकेजमधल्या फायली दाखवतं. छोटं -पी नुसती माहिती छापतं आणि मोठं -पी म्हणजे पर्ज! हे ज्याने ठरवलं त्याच्याकडे छोटी अक्षरं संपली होती, एवढंच त्यामागचं शास्त्र. मी दुकानातल्या पोरांना सांगून ठेवलंय, डीपीकेजीला नेहमी लांब नाव द्यायचं, --पर्ज म्हणजे --पर्ज.

आता तुमच्यापुरतं. आधी ॲप्ट अपडेट, मग ॲप्ट अपग्रेड. अपग्रेड असलेलं पॅकेज काढून टाकत नाही, फुल-अपग्रेड गरज वाटली तर काढतं, म्हणून ते सीझननंतर. ऑटोरिमूव्ह करण्याआधी -एस लावून काय काय जाणार ते वाचा. दुसऱ्या कशाच्या तरी सोबतीने आलेलं आणि आता कोणालाच लागत नाही असं त्याला वाटतं, ते सगळं ते काढतं. त्यात तुम्ही स्वतः वापरता असं काही दिसलं तर "ॲप्ट-मार्क मॅन्युअल" आणि पुढे पॅकेजचं नाव देऊन त्याला आपलंसं करा, मग ते जाणार नाही. आणि हे सगळं इन्व्हर्टर चार्ज असताना. अपग्रेडच्या मधेच लाइट गेली तर पुढच्या खेपेला "डीपीकेजी मधेच थांबलं होतं" असा निरोप येतो आणि सोबत औषधही लिहिलेलं असतं: डीपीकेजी --कॉन्फिगर -ए. तसंच टाइप करा, पुरे होतं. वळवाच्या पावसात लाइट कशी येते-जाते ते देवगडकरांना मी काय सांगू.

हो, आणि पुतण्याने रात्री आपोआप चालणारी स्क्रिप्ट लिहून ठेवली असेल तर तिच्यात ॲप्ट नव्हे, ॲप्ट-गेट आहे ना ते विचारा. ॲप्ट स्वतःच इशारा देतं की माझं बाह्यरूप स्थिर नाही, स्क्रिप्टमध्ये जपून वापरा. माणसांसाठी ॲप्ट, स्क्रिप्टसाठी ॲप्ट-गेट, अशी वाटणीच आहे.

मालवणात आमचा होमस्टे आहे, काउंटरवर विंडोजचा लॅपटॉप. मुलाने सांगितलं म्हणून "विनगेट अपग्रेड" केलं. लांबलचक यादी आली आणि थांबलं. मित्र म्हणाला अपग्रेड नाही, अपडेट म्हण. तेही केलं, पुन्हा तीच यादी. मग करायचं काय?
एक होमस्टेवाले, मालवण

भाऊ, मित्राने तुम्हाला त्याच दारातून पुन्हा आत पाठवलं. विनगेटमध्ये, म्हणजे विंडोजवरच्या ॲप्टसारख्या हत्यारात, अपडेट हे अपग्रेडचं टोपणनाव आहे, कामात काडीचा फरक नाही. नुसतं अपग्रेड म्हटलं की ते फक्त काय काय जुनं झालंय ते दाखवतं. खरंच करायचं तर पुढे --ऑल लावा, किंवा एकाच प्रोग्रामचं नाव द्या. वरच्या देवगडच्या ताईंच्या ॲप्टमध्ये मात्र नुसतं अपग्रेड म्हटलं की काम सुरू होतं. शब्द तोच, एकीकडे निरुपद्रवी यादी, दुसरीकडे प्रत्यक्ष बदल. मुलाच्या मशीनवर लिनक्स असेल तर त्याने शिकवलेलं तुमच्याकडे आणि तुम्ही शिकलेलं त्याच्याकडे चालवू नका.

काढण्यासाठी विनगेट अनइन्स्टॉल, रिमूव्ह आणि आरएम ही तिन्ही नावं घेतं, तिन्ही एकच. यादीत ज्यांची आवृत्ती "अज्ञात" दिसते ते --ऑलने सुटतात. त्यांच्यासाठी --इन्क्लूड-अननोन असं वेगळं जोडावं लागतं. पण गरज नसेल तर त्यांना उठवू नका. आणि शनिवारी दुपारी, पाहुणे चेक-इन करत असताना तर नकोच नको.

काकीनू, ॲप्ट-गेटच्या हेल्पच्या अगदी शेवटाक "सुपर काऊ पॉवर्स" असा कायतरी लिवलेला आसा. ह्या काय? व्हायरस तर नाय मां?
इयत्ता नववी, वेंगुर्ला

नाय रे झिला, व्हायरस नाय. हेल्प शेवटपर्यंत वाचणारा नववीतला पोरगा बघून मला बरं वाटलं. "ॲप्ट-गेट मू" असं टाइप कर, अक्षरांची एक गाय उभी राहील आणि "आज हंबरलास का?" असं विचारेल. ॲप्ट बनवणाऱ्यांची ही जुनी गंमत. मू कुठल्याच यादीत छापलेली नाही. ॲप्टिट्यूडची हेल्प उलट ठणकावून सांगते की आपल्याकडे गायीची शक्ती नाही. तिथेही मू करून बघ. ते "इथे काही लपवलेलं नाही" म्हणेल. मग -व्ही लावून, मग दोनदा -व्ही लावून विचारत जा. पुढचं सांगत नाही.

काकी, मी रत्नागिरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी आणि मैत्रिणीने मिळून पायथनमध्ये एक छोटं टूल केलं: फोल्डर दिलं की पॅकेज बांधून देतं, आतल्या फायली दाखवतं, तपासतं. कमांड बनवायला क्लिक ही लायब्ररी वापरली. आमच्या हेल्पमध्ये "मेक_पॅकेज" अंडरस्कोरने येतं आणि "लिस्ट-फाइल्स" हायफनने. परीक्षक म्हणाले, दोघींनी एकमेकींशी न बोलता लिहिलंय. आम्ही तर दोघींनीही कोडमध्ये अंडरस्कोरच वापरलाय! बरोबर कुठलं, आणि आता बदलू का? कॉलेजमधली काही मुलं ते वापरायला लागली आहेत.
तिसरं वर्ष, रत्नागिरी

अगं, परीक्षक अर्धेच बरोबर आहेत. तुमच्यापैकी एकीने कमांडचं नाव अवतरणात हाताने दिलंय आणि दुसरीने ते फंक्शनच्या नावावरून आपोआप येऊ दिलंय. क्लिकच्या 7.0 आवृत्तीपासून, म्हणजे 2018पासून, फंक्शनच्या नावातला अंडरस्कोर कमांड बनताना हायफन होतो. हाताने दिलेलं नाव मात्र क्लिक जसंच्या तसं ठेवतं. मेक_पॅकेजच्या वरची ओळ उघडून बघ, तिथे अवतरणात नाव सापडेल.

बरोबर कुठलं? कमांड लाइनवर हायफन. टाइप करताना शिफ्ट दाबावी लागत नाही, आणि लांब पर्यायांत हायफनच चालत आलाय. पण पायथनच्या पॅकेजिंगमध्ये अंडरस्कोर का दिसतो ते तुला माहीत असायला हवं, तोंडी परीक्षेत विचारतील. सेटअप-टूल्स या पायथनची पॅकेजं बांधणाऱ्या हत्याराच्या कमांडची यादी काढलीस तर बिल्ड_एक्स्ट, बिल्ड_पाय, बीडिस्ट_व्हील अशी नावं येतात. ही चाल त्याच्या आधीच्या डिस्टयूटिल्स या हत्याराची. ते 2000मध्ये पायथनच्या सोबत यायला लागलं आणि 2023च्या 3.12 आवृत्तीत काढून टाकलं. त्यात प्रत्येक कमांड म्हणजे एक मॉड्यूल होतं, फाइलचं नाव तेच कमांडचं नाव. आणि पायथनमध्ये हायफन म्हणजे वजाबाकी, मॉड्यूलच्या नावात तो चालत नाही. म्हणून कमांडला अंडरस्कोर. पण त्याच कमांडचे पर्याय हेल्पमध्ये हायफनने छापले जातात, --बिल्ड-लिब असे, आणि तोच पर्याय सेटअपच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिताना पुन्हा अंडरस्कोर. आतल्या सुताराची खूण बाहेर पाहुण्याला दिसत राहिली, दुसरं काही नाही.

बदलू का, हा खरा प्रश्न. त्या कॉन्फिग फाइलमध्ये बरीच वर्षं हायफनवालं नावही चालायचं, उदाहरणार्थ डिस्क्रिप्शन-फाइल. 2021मध्ये सेटअप-टूल्सने इशारा द्यायला सुरुवात केली की हे बंद होणार. इशारे किती लोक वाचतात ते तुला ठाऊक आहे. 24 मार्च 2025ला 78.0 आवृत्तीत ते खरोखर बंद केलं आणि जगभर पॅकेजं बांधली जाणं अडकलं, कारण जुन्या, कोणी हात न लावलेल्या कितीतरी पॅकेजांत ती हायफनवाली ओळ पडून होती. त्याच दिवशी 78.0.2 काढून जुनं पुन्हा चालू करावं लागलं. नीटनेटकेपणा चांगलाच, पण तो दुसऱ्याच्या चालत्या कामावर सोडला की असं होतं. शिस्तीसाठी जुनं नाव मोडणाऱ्यांच्या बाजूने मी नाही, चार वर्षं इशारा दिला असला तरी.

तेव्हा तू असं कर. हायफनवालं नाव मुख्य कर. अंडरस्कोरवालं जुनं नाव काढू नको, त्याच फंक्शनला दुसरी कमांड म्हणून जोड आणि तिला "हिडन" कर. क्लिकमध्ये ही सोय आहे. मग हेल्पमध्ये एकच नाव दिसेल, पण कॉलेजातल्या ज्या मुलाने स्क्रिप्टमध्ये जुनं लिहून ठेवलंय त्याचं अडणार नाही. "डेप्रिकेटेड" म्हणून खूण केलीस तर वापरताना सूचनाही जाईल. पायथनची पॅकेजं टाकणाऱ्या पिपने पॅकेजांच्या नावांचं हेच केलं. 2015च्या पेप 503 या पायथनवाल्यांच्या नियमपत्रकाप्रमाणे हायफन, अंडरस्कोर आणि टिंब एकच धरले जातात, आणि अक्षरं छोटी केली जातात. लोकांना हवं ते लिहू दे, तू एकच छाप.

आणि हेल्पमधला क्रम. क्लिक नावं वर्णानुक्रमाने लावतं, त्यामुळे "काढ" आणि "तपास" शेजारीशेजारी येऊ शकतात. निदान प्रत्येक कमांडच्या एका ओळीच्या वर्णनात ती काही बदलते की नुसतं दाखवते, हे पहिल्या दोन शब्दांत लिही. परीक्षकांना रेघ दिसली, हे दिसलं नाही, याचं मला जरा आश्चर्य वाटलं. मैत्रिणीलाही वाचून दाखव, बोलणं बंद असेल तर तेवढंच निमित्त.

मी निवृत्त शिक्षक, दापोली. शाळेतल्या लॅबच्या डेबियन मशीन मीच बघतो. ॲप्ट-मार्कच्या हेल्पमध्ये "शोहोल्ड", "शोऑटो", "शोमॅन्युअल" सलग लिहिलेत आणि त्याच यादीत "मिनिमाइझ-मॅन्युअल" मात्र रेघेने. आयुष्यभर वह्या तपासल्या, असलं काही डोळ्याला सहन होत नाही. कर्त्यांना पत्र लिहावं म्हणतो. भाचा म्हणतो, काही उपयोग नाही, ते "करणार नाही" असा शिक्का मारतात. आपलं मत?

गुरुजी, लिहा. पण लाल पेनाने नको.

भाच्याचा शिक्का खरा आहे. डेबियनच्या दोष-नोंदवहीत "वोन्टफिक्स" अशी खूण असते. तो अपमान नसतो. बऱ्याचदा त्यामागे एवढंच असतं की शोहोल्ड हे नाव किती सर्व्हरांवरच्या स्क्रिप्टांत लिहिलेलं असेल त्याचा हिशेब कोणाकडेच नाही. तुम्ही "शोहोल्डचं शो-होल्ड करा" असं लिहिलंत तर नकार येईल, आणि मला वाटतं तो योग्यच असेल. तुम्ही "शो-होल्ड हेही चालू द्या, जुनं तसंच ठेवा" असं लिहिलंत तर विचार होऊ शकतो. ऑटो-रिमूव्हचं उदाहरण वर दिलंय, तेच पत्रात द्या. मागणी नवी नाही, आधी असं केलेलं आहे, हे दिसलं की समोरचा माणूस मऊ होतो. तुम्ही मुख्याध्यापकांकडे अर्ज करताना हेच करत असाल.

पाठवायची रीत सोपी आहे. "रिपोर्टबग ॲप्ट" असं टाइप करा. ते आधी त्या पॅकेजवरच्या जुन्या तक्रारी दाखवतं. त्या खरोखर वाचा, तुमचीच तक्रार कोणीतरी करून ठेवलेली असेल तर तिथेच दोन ओळी जोडा. तीव्रता विचारेल, तिथे "विशलिस्ट" निवडा. तुमच्या मनात "गंभीर" असेल, पण कोणाचं काही मोडलेलं नाही, गंभीर लिहिलंत तर पहिल्याच ओळीला पत घालवाल. आवृत्तीचा क्रमांक ते स्वतःच भरून घेतं. हेल्पचा मजकूर चिकटवायचा असेल आणि तुमचा पडदा मराठीत असेल तर कमांडच्या आधी एलसी_ऑल=सी लावा (ही अक्षरं मात्र मोठी), म्हणजे तो मूळ इंग्रजीत येतो आणि वाचणाऱ्याला शोधता येतो. मजकूर थोडका ठेवा: काय टाइप केलं, काय दिसलं, काय दिसायला हवं होतं. पत्र ई-मेलने जातं, म्हणून लॅबच्या मशीनवरून मेल बाहेर पडते का ते आधी बघा. आणि हे सगळं उघड्यावर राहतं, पत्ता धरून, तेव्हा शाळेचा मेल वापरायचा की स्वतःचा ते ठरवून मग बसा.

अजून एक. तुमच्यासारखा माणूस बसला की एका बैठकीत यादी वाढत जाते, शोहोल्डवरून डीपीकेजीच्या मोठ्या-छोट्या -पीपर्यंत. ते सगळं एका पत्रात घालू नका. डीपीकेजी हे वेगळं पॅकेज, त्याचे लोक वेगळे. आणि प्रत्येक तक्रारीला वेगळा क्रमांक लागतो. एकाच क्रमांकात चार गोष्टी घातल्या तर पहिली मिटल्यावर नोंद बंद होते आणि उरलेल्या तीन कोणी उघडून बघत नाही.